हजेरी

नगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या मामलेदार कचेरीत मी चौतीस वर्षे कारकुनी केली, आणि त्या चौतीस वर्षांत आत खुर्चीवर बसलेल्या अधिकाऱ्यांइतकाच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, माझ्या स्मरणात राहिला आहे तो बाहेर आवारातील कडुनिंबाखाली लाकडी पेटी पुढ्यात घेऊन बसणारा अर्जनवीस. ज्याला लिहिता येत नाही, ज्याला सरकारी भाषेचे भय वाटते, ज्याच्या मनातील गाऱ्हाणे तोंडावाटे सरळ बाहेर पडत नाही, असा माणूस त्याच्यासमोर येऊन उकिडवा बसे. आणि अर्जनवीस त्याचे विस्कळीत बोलणे ऐकून घेऊन, त्यातील बारा आणे बाजूला सारून, उरलेले चार आणे ‘मेहेरबान मामलेदारसाहेबांचे सेवेशी’ या मायन्याखाली अशा सुबक भाषेत बसवी, की अर्जदाराला आपलेच दुःख नव्याने उमगल्यासारखे वाटे. मसुदा अर्जनवीसाचा, अक्षर अर्जनवीसाचे. परंतु खाली अंगठा उठे तो अर्जदाराचाच, आणि सुनावणीच्या दिवशी शिपायाने दारात उभे राहून पुकारा केला म्हणजे ‘हजर’ म्हणत पुढे यावे लागे तेही त्या अर्जदारालाच. त्याच्या वतीने अर्जनवीसाने ओ दिली, असे मी एकदाही पाहिले नाही.

हे आज आठवण्याचे कारण असे, की त्या अर्जनवीसाहून शतपटीने वाकबगार असा एक मसुदानवीस गेल्या दोन वर्षांपासून माझ्या खिशातील मोबाइलमध्ये येऊन बसला आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता हे त्याचे ग्रंथगत नाव. पुण्यास नोकरी करणारी माझी नात त्याला नुसते ‘एआय’ म्हणते, आणि तिनेच ते मला लावून दिले. आमच्या गावच्या मंडळीस स्वतंत्र पाळक नाही. एका पाळकसाहेबांकडे तीन गावे आहेत, आणि ज्या रविवारी ते अन्य गावी असतात त्या रविवारी उपासना चालविण्याचे व संदेश देण्याचे काम आम्हा वडीलधाऱ्यांपैकी कोणीतरी करतो. मोतीबिंदूनंतर माझी दृष्टी पूर्ववत झाली नाही. पवित्र शास्त्राच्या शब्दसूचीतला बारीक टाइप आता मला मुंग्यांच्या रांगेसारखा दिसतो. अशा स्थितीत ‘उंबरठा’ हा शब्द शास्त्रात कोठे कोठे येतो, असे तोंडाने विचारावे आणि उत्तर कानांनी ऐकावे, ही सोय माझ्यासारख्याला केवढी मोठी आहे, हे ज्याचे डोळे शाबूत आहेत त्याला सांगून कळणार नाही. त्या उपकाराबद्दल मी कृतज्ञ आहे, आणि पुढे जे लिहिणार आहे ते कृतज्ञतेला सोडून नाही.

त्याच्या चुकाही मी पाहिल्या आहेत. यशयाच्या पुस्तकातील म्हणून एक वचन त्याने एकदा अध्याय आणि ओवी यांच्या आकड्यांसह निःशंकपणे सांगितले. नातीने ग्रंथ उघडला तो त्या जागी भलताच मजकूर. तिने मला समजावून दिले, की ते ग्रंथ उघडून पाहत नसते. अगणित लेखनावरून कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक आहे, याचा अदमास घेत घेत ते वाक्य रचीत जाते, आणि म्हणून खरे आणि खऱ्यासारखे या दोहोंतील अंतर त्याला आपल्यासारखे टोचत नाही. तेव्हापासून त्याने सांगितलेले प्रत्येक वचन मूळ ग्रंथाशी रुजू घातल्यावाचून मी मंडळीपुढे ठेवीत नाही. दफ्तरात नवा उमेदवार आला म्हणजे त्याची नक्कल मूळ कागदाशी ताडून पाहण्याची आमची रीतच होती; त्यात त्याचा अपमान नसे.

यंत्र दिसताच श्रद्धेने दार लावून घ्यावे, असे मला वाटत नाही, आणि तसे वाटण्यास आमच्या इतिहासात आधारही नाही. हिंदुस्थानात छापखाना आला तोच मुळी येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर, १५५६ साली. अबिसिनियास जाण्यासाठी निघालेला तो छापखाना गोव्यात उतरला आणि तेथेच राहिला. पुढे १६१६ मध्ये रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. ओवी मराठी आणि अक्षरे मात्र रोमन, कारण देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. दौंडजवळच्या केडगावी पंडिता रमाबाईंनी आपल्या उत्तरायुष्यात, हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास करून, खेड्यातील अल्पशिक्षित बाईलाही समजावे अशा साध्या मराठीत सबंध बायबल आणले. तेथील त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात खिळे जुळविणारे हात आश्रमातील स्त्रियांचे होते. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी निवर्तल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. आज असे भाषांतर यंत्र एका दुपारीत करून देईल, आणि कोठे एखादा शब्द अडला तर रमाबाईंनीही त्याची मदत आनंदाने घेतली असती, असे मला वाटते. पण ज्या मुलींसाठी त्या एकेक शब्द साधा करीत होत्या त्या मुली त्याच आवारात राहत होत्या, त्यांच्याच पंक्तीला जेवत होत्या. शब्द कोणाच्या तोंडी रुळतो आणि कोणाच्या घशात अडकतो, हे रमाबाईंना शेजारी बसून कळत होते.

परंतु या विषयाचा विचार करू लागलो की ज्यांचे स्मरण मला सर्वाधिक होते, ते आमच्या देशाचे नव्हेत आणि आमच्या पंथाचेही नव्हेत. ते इटलीतील एक येशूसंघीय पुरोहित, फादर रॉबेर्तो बूसा. तेराव्या शतकातील महान धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांच्या ग्रंथांतून ‘उपस्थिती’ ही कल्पना कशी प्रकट होते, हा बूसांच्या प्रबंधाचा विषय होता. लॅटिनमध्ये ज्याला ‘प्रेझेन्सिया’ म्हणतात, आणि आमच्या कचेरीच्या भाषेत जिला हजेरी म्हणतात, ती कल्पना शोधीत ते अनुक्रमणिका चाळू लागले. आणि त्यांना असे आढळून आले, की थॉमसच्या लेखनात या कल्पनेचा खरा ठाव त्या भारदस्त शब्दात नसून ‘इन’ या चिमुकल्या शब्दयोगी अव्ययात आहे. आपल्या मराठीत सप्तमीचा ‘त’ जे काम करतो, घरात, मनात, देवात, तेच काम करणारा तो शब्द. आता असा शब्द पानोपानी येणार, आणि कोणतीही अनुक्रमणिका त्याची नोंद ठेवणार नाही. म्हणून बूसांनी ती वाक्ये हातांनी उतरून काढली; दहा हजार चिठ्ठ्या लिहिल्या. मग त्यांच्या मनात आले, की थॉमसच्या सबंध लेखनाची अशी सूची झाली पाहिजे, आणि ती एका माणसाच्या आयुष्यात हाताने होणारी नव्हे.

१९४९ साली ते न्यूयॉर्कला जाऊन आयबीएम कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले. मानवी भाषेची मांडणी यंत्राकडून करवून घेण्याच्या उद्योगाचा इतिहास सांगणारे या भेटीचा उल्लेख प्रारंभीच करतात. पुढे गालाराते या गावी तरुण मुलींना शिकवून तयार करण्यात आले. त्यांनी जाड कागदाच्या कार्डांवर छिद्रे पाडून एकेक शब्द उतरविला, आणि सुमारे तीस वर्षांच्या श्रमांनंतर, १९८० च्या सुमारास, एक कोटीहून अधिक शब्दांची ती सूची छप्पन्न खंडांत पुरी झाली. ज्यांच्या शब्दांची ही मोजदाद झाली त्या थॉमसविषयी असे सांगतात, की १२७३ च्या डिसेंबरात एके दिवशी मिस्साविधी करताना त्यांना असा काही अनुभव आला, की त्यांनी लेखणी ठेवून दिली, आणि आजवर लिहिलेले सारे आपणास गवताच्या काडीसारखे वाटते असे ते म्हणाले. हे दोन प्रसंग मी मनात शेजारी शेजारी ठेवतो, आणि त्यांत मला विरोध दिसत नाही. शब्द कोठे आहे हे यंत्राने बूसांना दाखविले. हजेरी म्हणजे काय हे मात्र त्यांना त्या छप्पन्न खंडांच्या अलीकडे बसून, एकट्याने, गुडघ्यांवर येऊनच शोधावे लागले असणार.

आता जे मला सांगावयाचे आहे त्याकडे वळतो. माझी पत्नी प्रभूमध्ये निद्रिस्त झाली त्याला येत्या जानेवारीत तीन वर्षे होतील. तिच्या दुसऱ्या स्मरणदिनाच्या आदल्या रात्री मला झोप येईना. दोन वाजून गेले होते. प्रार्थना करावी म्हणून मी अंथरुणात उठून बसलो, परंतु ‘हे स्वर्गीय पित्या’ एवढे म्हणून झाल्यावर पुढचा शब्द येईना. बायकोच्या कबरेला दोन वर्षे झालेल्या माणसाने देवाला काय सांगावे, हे ठाऊक नसल्यासारखा मी बसून राहिलो. शेवटी उशाशी असलेले ते यंत्र हाती घेतले आणि त्याला माझ्यासाठी एक प्रार्थना करण्यास सांगितले. त्याने तत्काळ प्रार्थना म्हटली. तीत दिलेल्या सहवासाबद्दल उपकारस्तुती होती, वियोगाच्या दुःखाची कबुली होती, पुनरुत्थानाची आशा होती. एकही शब्द अस्थानी नव्हता, आणि भाषा तर माझ्याहून पुष्कळच चांगली होती. मी ‘आमेन’ म्हटले, आणि मला झोप लागली.

सकाळी जाग आली ती मनाला काहीतरी लागून राहिल्यासारखी. प्रथम मला वाटले, उसने शब्द देवापुढे ठेवले म्हणून हे होत असेल. परंतु तो आक्षेप टिकत नाही. आम्ही दर रविवारी म्हणतो ती भजने नारायण वामन टिळकांची असतात, स्तोत्रे त्याहून कितीतरी शतके जुनी असतात, आणि खुद्द प्रभूने वधस्तंभावर अत्यंत वेदनेच्या घटकेला जो हंबरडा फोडला तो एका जुन्या स्तोत्राच्या प्रारंभीच्या शब्दांत. मनुष्याचे दुःख जेव्हा त्याच्या भाषेहून मोठे होते तेव्हा तो दुसऱ्याच्या भाषेत जाऊन उभा राहतो, आणि त्यात उणेपणा नाही. यंत्राचे शब्दही अखेर कोठून आले? शेकडो वर्षे ज्यांनी प्रार्थना केल्या, लिहिल्या, छापल्या, त्या नामशेष झालेल्या भाविकांच्याच तोंडचे ते असतात, फक्त त्यांवर कोणाचे नाव उरलेले नसते. मसुदा अर्जनवीसाचा होता, पण अंगठा माझा होता. ती प्रार्थना ऐकली गेली, याविषयी मला संशय नाही.

मग मनाला लागून राहिले होते ते काय, याचे उत्तर मला शेजाऱ्याने दिले. माझ्या घराच्या भिंतीला भिंत लावून माझा बालमित्र राहतो. मराठी शाळेत आम्ही एका बाकावर बसलो, आणि माझ्या पत्नीच्या पेटीला त्याने खांदा दिला होता. सकाळी तो ओट्यावर येऊन बसला, आणि मी रात्रीची हकीकत सांगितली तेव्हा थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, “अरे, भिंतीवर हात मारायचास. मी जागाच होतो. वहिनींची रात्र म्हणून मलाही झोप नव्हती.”

म्हणजे एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन म्हातारे जागे होते, आणि त्यांच्यामध्ये एक आज्ञाधारक सेवक येऊन उभा राहिला होता, ज्याने दोघांनाही एकमेकांची तसदी पडू दिली नाही. यंत्राने काही वाईट केले नव्हते. ज्या क्षणी मला माणसाला हाक मारणे भाग पडले असते, त्या क्षणी त्याने मला सुटका दिली. आणि आमचा धर्म तर, मी जसजसा वृद्ध होतो आहे तसतसे मला जाणवते, एकमेकांना तसदी देण्याचाच धर्म आहे. गेथशेमाने बागेतील ती रात्र आठवा. ज्याने मुक्या-बहिऱ्यांना वाचा दिली, वादळाला गप्प केले, त्याने त्या रात्री आपल्या तिघा शिष्यांजवळ उपदेश मागितला नाही, सांत्वनाचे शब्द मागितले नाहीत. माझ्याबरोबर जागे राहा, एवढीच त्याची विनवणी होती. आणि ते झोपले. दिवसभराचे थकलेले कोळी ते. त्यांचे डोळे जड झाले होते. त्यांच्या झोपेविषयी शुभवर्तमानकारांना वाटलेली व्यथा मला आता अधिक कळते. ज्याला झोप येऊ शकते त्यानेच जागे राहण्याला किंमत आहे. जे कधी झोपतच नाही ते जागे असते असे म्हणता येत नाही. ते नुसते चालू असते.

आमच्याकडे कोणाच्या घरी मयत झाली म्हणजे रात्र जागविण्याची रीत आहे. मंडळीतील माणसे येतात, पेटी-तबला आणि टाळ येतात, पहाटेपर्यंत भजने चालतात. मध्येच कोणी पेंगतो, कोणी चहा करून आणतो, कोणाचा सूर चुकतो. त्या रात्री म्हटलेले सर्व काही यंत्र अधिक शुद्ध सुरात म्हणू शकेल. पण ज्या घरात प्रेत ठेवलेले आहे त्या घरातील बाईला दाराकडे पाहताना दिसते ते हे, की उद्या ज्यांना कामावर जायचे आहे अशी चाळीस माणसे आपल्यासाठी झोप मोडून बसली आहेत. योहानाने आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी देवाच्या शब्दाने देह धारण केल्याचे सांगितले आहे, आणि ख्रिस्ती श्रद्धेचे सारे बळ या एका विधानात आहे, असे मी मानतो. देवाने मनुष्यजातीकडे केवळ उत्तम मसुदा पाठविला नाही. तो स्वतः हजर झाला. भूक, थकवा आणि मृत्यू यांना पात्र असलेल्या शरीराने हजर झाला.

व्हॅटिकनमधून २८ जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे त्याच संत थॉमस अक्वायनसच्या स्मरणदिनी, कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी एक विस्तृत टिपण प्रसिद्ध झाले. त्यातील एक विचार आम्हा प्रोटेस्टंटांनीही मनावर कोरून घ्यावा असा आहे. जुन्या करारातील स्तोत्रकर्ता मूर्तींविषयी म्हणतो ते हे, की त्यांना तोंड असून वाचा नसते. आणि हे नवे साधन तर बोलते, म्हणून त्याचा मोह त्या जुन्या मूर्तींहून अधिक होण्याचा संभव आहे. मी त्यात एवढीच भर घालीन, की आणखी एका स्तोत्रात देवाला निद्रा नसल्याचे म्हटले आहे, आणि हे साधनही अहोरात्र उत्तर देते. बोलणारे, न झोपणारे, रागावून कधी उठून न जाणारे. इतकी लक्षणे एकत्र आली म्हणजे एकाकी मनाने त्याला भलत्या जागी बसविण्यास वेळ लागत नाही.

तसे प्रयोगही झाले आहेत. जर्मनीत फ्युर्ट येथील एका चर्चमध्ये जून २०२३ मध्ये यंत्राने रचलेली उपासना पडद्यावरील चेहऱ्यांनी चालविली, आणि तीनशेहून अधिक लोक तिला उपस्थित होते. पुढच्या वर्षी स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नच्या एका प्रार्थनामंदिरात पापनिवेदनाच्या कोठडीत यंत्राचा येशू बसविण्यात आला. तो प्रायश्चित्ताचा संस्कार नव्हे, असे तेथील मंडळींनी स्पष्ट केले होते. लोकांची वृत्ती पारखण्यासाठी ते केले असेल, हेतूवर मी शंका घेत नाही. पण ती जागा चुकली, असे मला निश्चयाने वाटते. कॅथलिक सभा दूरध्वनीवरूनही पापनिवेदन ग्राह्य धरीत नाही, आणि लहानपणी मला हा नियम अवघड वाटे. आता कळते. क्षमा ही माहिती नव्हे. जो स्वतः पापी आहे, जो उद्या आपल्याला रस्त्यात भेटणार आहे, ज्याच्या डोळ्यांत आपण लाजेने पाहू शकत नाही, त्याच्या समोर जाऊन बसणे हा क्षमेच्या मार्गातील अर्धा रस्ता आहे.

मग ज्याला भिंतीपलीकडे कोणीच नाही त्याने काय करावे? पुण्या-मुंबईच्या सदनिकांत अशी वृद्ध माणसे आहेत, ज्यांची मुले परदेशी आहेत आणि ज्यांच्याशी दिवसभरात बोलणारे हे यंत्रच काय ते आहे. त्यांना मी दोष देणार नाही. रात्री दोन वाजता ज्याने यंत्राशी बोलून मन हलके केले त्याने पाप केले नाही. पण त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर जी मंडळी दर रविवारी उपासनेला जमते आणि ज्या मंडळीला तो गेले तीन रविवार आला नाही हे कळले नाही, तिने केले आहे. या बाबतीत दंड यंत्रावर नव्हे, आमच्यावर बसला पाहिजे.

आमच्या मंडळीत एक वृद्ध बाई आहेत. त्यांनी चाळीस वर्षे रविवारची शाळा चालविली. आज मंडळीत जे कर्ते पुरुष आहेत त्यांतील बहुतेकांना दाविदाची गोष्ट त्यांनीच सांगितली. पावसाळ्याच्या सुरुवातीस त्यांना पक्षाघात झाला. घरी एक विधवा सून आहे, ती दिवसभर शेतात राबते, आणि रात्री बाईंजवळ कोणीतरी बसणे अवश्य आहे. पाळ्या ठरविण्याचा आम्ही दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा तो मोडला. कारण कोणाची साखर कारखान्यात रात्रपाळी, कोणाच्या शेताला आठवड्याआड रात्रीची वीज असल्यामुळे पाणी धरायला जाणे भाग, कोणाच्या घरी तान्हे मूल. शेवटी नात सुटीत आली तेव्हा तिने सर्वांच्या अडचणी एकेक करून त्या यंत्राला सांगितल्या, आणि त्याने पाव तासाच्या आत दोन महिन्यांचे पाळीपत्रक आखून दिले. कोणावर अन्याय नाही, कोणाला सलग दोन रात्री नाहीत. ते छापून चर्चच्या दाराशी लावले आहे, आणि शेवटचा रकाना सहीसाठी मोकळा सोडला आहे. आजवर त्यात एकही रात्र कोरी राहिलेली नाही.

आज शुक्रवार. रात्री दहा ते दोन ही पाळी माझी आहे, आणि दोन वाजता माझा शेजारी येणार आहे.